बेल वाजायच्या आत समेवर या!

युथ फेस्टिव्हलचं स्टेज असो की कॉलेजच्या हॉलमधली छोटीशी मैफल, नुसतं गाणं तयार असून भागत नाही. घड्याळ, माइक, साथीदार आणि समोरचे श्रोते या सगळ्यांशी नीट वागायचे काही नियम असतात. थोडे छापील, बरेचसे न छापलेले. सीझन सुरू होण्याआधी एक उजळणी.

पहिला पाऊस पडून जातो, अ‍ॅडमिशनची धावपळ संपते आणि कॉलेजच्या कल्चरल रूमचं कुलूप निघतं. कोणी पेटीवरची धूळ झटकतंय, कोणी गिटारच्या तारा बदलतंय, जिन्यात एकजण बीटबॉक्सिंग करतोय. सीझन सुरू झाला, बॉस! आधी आपल्या विद्यापीठाचा युथ फेस्टिव्हल, मग राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’, त्यापुढे भारतीय विद्यापीठ संघाचा म्हणजे एआययूचा विभागीय महोत्सव आणि नशिबानं साथ दिली तर थेट नॅशनल. मधेच कॉलेजांचे स्वतःचे फेस्ट असतातच. वर्षभराचा रियाज, सकाळी उठून केलेले पलटे, बुडवलेली लेक्चर्स, हे सगळं स्टेजवरच्या जेमतेम दहा-पंधरा मिनिटांसाठी.

आणि ती मिनिटं वाया जायला बेसूर व्हावंच लागतं असं नाही. वेळ संपली तरी गात राहिलं, साथीदार एक जास्त नेला, हौसेनं बसवलेलं गाणं सिनेमातलं निघालं, एवढंसं कारणही पुरतं. स्पर्धेच्या हॉलबाहेर रडवेली तोंडं बघितलीत तर त्यातली काही नक्की अशाच कारणांची असतात. म्हणून आधी रूलबुकबद्दल बोलू.

रूलबुक बोअर असतं, तरी वाचा

बहुतेक टीममध्ये नियमांची पुस्तिका एकच माणूस वाचतो. कल्चरल सेक्रेटरी. बाकीचे त्याला ‘टाइम किती आहे रे?’ एवढंच विचारतात. असं करू नका. एआययूच्या नियमांत शास्त्रीय गायनाला १५ मिनिटं मिळतात. सुगम गायनाला ४ ते ६ मिनिटं. भारतीय समूहगीताला १० मिनिटं आणि गाणारे जास्तीत जास्त सहा. साथीदार किती हेही ठरलेलं असतं. विद्यापीठाच्या पातळीवर यात थोडाफार फरक असू शकतो. म्हणून मागच्या वर्षीच्या सीनियरनं काय सांगितलं त्यापेक्षा यंदाच्या पुस्तिकेत काय छापलंय ते बघा.

सगळ्यात जास्त दांडी उडते ती सुगम गायनात. इथे सिनेमातलं गाणं चालत नाही. गीत, गझल, भजन, अभंग चालतात. आता गंमत अशी, की शब्द संतांचे असले तरी आपण गातोय ती चाल एखाद्या चित्रपटातली असू शकते. यूट्यूबवर गाणं ‘भक्तिगीत’ म्हणून दिसतं, खाली सिनेमाचं नाव नसतं आणि आपण निर्धास्त राहतो. समोर बसलेल्या परीक्षकांचं मात्र अख्खं आयुष्य गाण्यात गेलेलं असतं. त्यांना पहिल्या ओळीतच कळतं. त्यामुळे गाणं बसवायला घ्यायच्या आधी ते मूळ कुठलं, संगीतकार कोण, एवढं शोधा. आणि स्टेजवर ते सांगाही. ज्याची चाल गातोय त्याचं नाव घेणं हा नियम नाही, पण साधी माणुसकी आहे.

पंधरा मिनिटांचं गणित

शास्त्रीय गाणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे पंधरा मिनिटांत राग काय मांडणार? तक्रार खरी आहे. पण गणित केलं तर जमतं. अतिविलंबित एकतालात एक मात्रा साधारण चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं एक आवर्तन होतं ४८ सेकंदांचं. बडा ख्यालाला नऊ मिनिटं दिली तर हातात आली अकरा आवर्तनं. तेवढ्यात स्थायी, थोडा विस्तार, अंतरा आणि चार बऱ्या ताना बसवायच्या. उरलेल्यात द्रुत बंदिश. घरी घड्याळ लावून अकरा आवर्तनं मोजून गा, मग कळतं की आपण आलापीतच आठ संपवतोय. लय थोडी वाढवली तर पाप लागत नाही.

तबला सोलो करणाऱ्यांनाही हेच लागू. पेशकारात सात मिनिटं रमलात तर कायदा, रेला, गत, तुकडे कुठे बसवणार? परीक्षक वैविध्यही बघतात. एकच कायदा कितीही सुंदर वाजवला तरी तेवढ्यावर भागत नाही.

वेळ संपत आल्याची आधी एक सूचना देणारी बेल वाजते, मग शेवटची. पहिली बेल ऐकून चेहऱ्यावर घाबरगुंडी दिसू देऊ नका. शेवटची तिहाई तयार ठेवा. शांतपणे समेवर या, नमस्कार करा, उठा. शेवटच्या बेलनंतर अर्धवट तान तोडून उठावं लागणं हे ऐकणाऱ्यालाही टोचतं.

आणखी एक. स्पर्धेत क्रम चिठ्ठ्यांवर ठरतो. तुम्ही मेहनतीनं यमन बसवलाय आणि चिठ्ठी निघाली सकाळी साडेदहाची, तर? संध्याकाळचा राग सकाळी गायल्यावर कुणी पोलिसात देत नाही, पण रागाची वेळ पाळणारे परीक्षक समोर असतील तर त्यांना खटकू शकतं. हुशार मुलं दोन राग तयार ठेवतात. सकाळसाठी तोडी किंवा भैरव, उशिरासाठी भीमपलास किंवा यमन. कष्ट दुप्पट, पण डोक्याला शांतता.

साथीदार म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक नाही

आपल्या कॉलेज सर्किटमधली सगळ्यात दुर्लक्षित जमात म्हणजे साथीदार. एकच तबलावाला मुलगा सकाळपासून पाच जणांना वाजवतो. कोणी त्याला चहा विचारत नाही. बक्षीस समारंभात त्याचं नाव नाही, ग्रुप फोटोत तो कोपऱ्यात अर्धा कापलेला.

तर काही गोष्टी पक्क्या करून टाका. एक, आपली पट्टी त्याला किमान आठवडाभर आधी कळवा. मुलगी काळी चारमध्ये गाणार आणि मुलगा काळी एकमध्ये, तर सहसा तबला वेगळा लागतो. एकाच दायावर हातोडी मारून वाट्टेल तो सूर निघत नाही. दोन, किमान दोन रिहर्सल एकत्र करा. बंदिश कुठल्या मात्रेवरून उठते हे स्टेजवर सांगायची गोष्ट नाही. तीन, बाहेरून साथीदार बोलावला असेल तर मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा आणि कार्यक्रम झाल्याबरोबर द्या. ‘कॉलेजकडून आले की देतो’ हे वाक्य ऐकून त्यांचे कान किटलेत. चार, ओळख करून देताना त्यांचं पूर्ण नाव घ्या. ‘तबल्यावर आपला बंटी’ असं नको.

आणि चूक झाली तर स्टेजवर साथीदाराकडे वळून डोळे वटारू नका. श्रोत्यांना चूक कळली नसेल तर तुमच्या डोळ्यांमुळे कळते.

माइक, तानपुरा आणि फोन

माइकवर टकटक करणं आणि फुंकर मारणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. सोडा. साउंडवाल्या दादांना ‘जरा गाऊन दाखवतो’ म्हणा आणि आपली सगळ्यात मोठी तान आणि सगळ्यात हळू आलाप, दोन्ही ऐकवा. म्हणजे त्यांना आवाज किती ठेवायचा ते कळतं. स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर ‘मॉनिटर थोडा वाढवा’ असं नीट सांगा. गाता गाता हात उडवून चिडचिड करू नका.

आता बहुतेकांचा तानपुरा फोनमध्ये असतो. ऐन विलंबितात घरून फोन आला आणि तानपुरा बंद पडला, हा प्रकार दर सीझनला कुठे ना कुठे होतोच. फोन फ्लाइट मोडवर, बॅटरी फुल, आणि आपली पट्टी आधीच सेट. मालकंस गाणार असाल तर त्यात पंचम वर्ज्य आहे, म्हणजे तानपुरा मध्यमावर हवा. ही छोटी गोष्ट विसरली तर पहिल्या षड्जापासूनच काहीतरी खुपत राहतं.

स्टेजवर चपला बाहेर काढूनच जा. कुणाचं वाद्य ओलांडू नका, वळसा घाला. वाद्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. ‘जस्ट बघत होतो’ म्हणून पिळलेली एक खुंटी म्हणजे सितारवाल्याची पुढची दहा मिनिटं.

टाळी कधी, ‘क्या बात’ कधी

आता ऐकणाऱ्यांकडे वळू, कारण हॉलमध्ये तेच जास्त असतात. आपल्या मैफलीत दाद मधेच देता येते. सुंदर जागा आली, सम नेमकी पकडली, की ‘वाह’ आपोआप निघतं आणि गाणाऱ्यालाही बळ येतं. पण बडा ख्याल चालू असताना दर तानेवर टाळ्या पिटायची गरज नाही. शिट्ट्या तर नकोच. उलट पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात रचनेचे दोन भाग चालू असताना मधल्या शांततेत टाळी वाजवत नाहीत, अख्खी रचना संपल्यावरच वाजवतात. मुंबईत एनसीपीएला सिम्फनी ऐकायला गेलात आणि केव्हा टाळी वाजवायची कळलं नाही, तर सोपा उपाय आहे. कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा.

स्पिक मॅकेच्या कॉलेजमधल्या मैफली अनेकांनी ऐकल्या असतील. १९७७ पासून ही चळवळ कलाकारांना थेट विद्यार्थ्यांपर्यंत आणते. तिथे सहसा जमिनीवर मांडी घालून बसायचं, फोन बंद, उठायचं तर दोन रचनांच्या मधे. तीच सवय आपल्या स्पर्धेच्या हॉलमध्येही लागायला हवी. आपल्या कॉलेजचा नंबर झाला की वीसजण धाडधाड उठून बाहेर, हे दृश्य सगळीकडे दिसतं. त्या क्षणी स्टेजवर दुसऱ्या कॉलेजची एक फर्स्ट इयरची मुलगी तानपुरा लावत असते. तिला रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या दिसतात. तुमचाही नंबर कधीतरी शेवटचा असतो.

आणि हूटिंग. बँड कॉम्पिटिशनला ओरडा, नाचा, हवं तर घसा बसवा. पण समोरच्या कॉलेजच्या गायकाला नाउमेद करायला ओरडणं म्हणजे चिअरिंग नव्हे.

रील्सचं काय? फ्लॅश नको, पहिल्या रांगेत उभं राहून शूटिंग नको, आणि पोस्ट करण्याआधी गाणाऱ्याला विचारा. हे फक्त सौजन्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलाय. त्याच कायद्यात विद्यार्थ्यांसाठी एक सवलतही आहे. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक एखादी रचना सादर करत असतील तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. पण तिकीट लावून बाहेरच्यांसाठी फेस्ट करणार असाल तर या सवलतीच्या भरवशावर राहू नका, लायसन्सची चौकशी आधी करा.

रात्रीचे दहा

हा सगळ्यात कडक नियम. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण आपला फेस्ट त्यात बसेल असं नाही. शिवाय शैक्षणिक संस्थेच्या शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो. पुण्यात १९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चालायचा. तोही आता घड्याळाकडे बघत संपतो.

याचा तुमच्या दोन-तीन मिनिटांशी काय संबंध? हिशोब करा. स्पर्धेत २४ जण आहेत आणि प्रत्येकानं तबला लावण्यात, माइक हलवण्यात, एक तान जास्त घेण्यात तीन मिनिटं जास्त घेतली. झाली ७२ मिनिटं. सकाळी कुणाला जाणवत नाही. संध्याकाळी ओपन स्टेजवरचा शेवटचा बँड मात्र एक गाणं वाजवून उतरतो, कारण दहा वाजलेत. त्यांनीही महिनाभर प्रॅक्टिस केलेली असते. वाद्यं बाहेरच लावून तयार राहणं, हाक आल्याबरोबर स्टेजवर बसणं, बेल वाजली की उठणं, हे परीक्षकांसाठी नसतं. आपल्यानंतरच्यांसाठी असतं.

निकाल लागल्यावर

नंबर आला नाही तर परीक्षकांना गाठून ‘सर, माझं कुठे चुकलं?’ असं जरूर विचारा. बहुतेक जण मनापासून सांगतात. ‘त्याचा नंबर कसा आला?’ असं मात्र विचारू नका. खरंच नियमाचा घोळ झाला असेल तर तक्रार टीम मॅनेजरमार्फत, लेखी आणि वेळेत करा. इन्स्टावर स्टोरी टाकून निकाल बदलत नाही.

बॅगेत काय काय?

– यंदाचं रूलबुक आणि कॉलेजचं ओळखपत्र
– पट्टी, राग, ताल आणि साथीदारांची नावं लिहिलेला कागद (निवेदकाला द्यायला)
– तबल्याची हातोडी, पावडर, गिटारच्या जादा तारा
– फुल चार्ज फोन आणि पॉवर बँक
– कोमट पाण्याची बाटली
– साथीदारांसाठीही डबा

बाकी सूर तुमचे, ताल तुमचा. यंदा बेलच्या आधी समेवर या आणि मग खाली हॉलमध्ये बसून शेवटच्या नंबरपर्यंत ऐका. ऑल द बेस्ट!