जीपची टिकटिक

आमची जीप जुनी आहे. ती घेऊन आम्ही यवतमाळहून पांढरकवड्याच्या बाजूला गावोगाव जातो. एक दिवस ती टिकटिक करू लागली. आधी बारीक, मग चांगली मोठ्याने. एका गावात पारापाशी आम्ही गाडी थांबवली. माणसे जमली. "इंजिन गेलं वाट्टे, भाऊ," एक जण म्हणाला. गॅरेजवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "इंजिन उघडावे लागेल." म्हणजे हजारो रुपये! शिवाय दुसऱ्या दिवशी एका आजारी म्हाताऱ्याला याच जीपमधून यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचे आम्ही कबूल केले होते.

पारावर एक जुने ट्रॅक्टरवाले बसले होते. ते म्हणाले, "आवाज कुठून येते, ते मंग पाहू. कवा येते, ते सांगा पयले."

हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता.

गाडी उभी ठेवून इंजिन सुरू केले. थोडे जोरात फिरवले. टिकटिक नाही! मग इंजिन बंद केले, गियर काढला. जागा सपाट होती. एक जण ब्रेकवर पाय ठेवायला आत बसला आणि बाकीच्यांनी गाडी हळू ढकलली. टिक... टिक... टिक. इंजिन बंद, तरी आवाज येतो. म्हणजे दोष चाकाकडे आहे.

चारही टायरांवर खडूची एकेक रेघ ओढली आणि पुन्हा ढकलले. मागच्या डाव्या चाकाचा एक फेरा झाला की एक टिक. वाकून पाहिले. टायरच्या खाचेत बैलाच्या नालेचा खिळा रुतला होता. त्याचे डोके रस्त्यावर आपटत होते.

आम्ही पक्कड घेऊन धावलो. ट्रॅक्टरवाल्यांनी हात धरला. खिळा आत किती गेला, हे बाहेरून दिसत नाही. भोक त्यानेच बुजवलेले असते. उपटला की हवा जाते. म्हणून आधी स्टेपनीत हवा आहे का ते पाहिले, चाक बदलले, आणि मग खिळा ओढला. फुस्स! तसेच दामटत गेलो असतो, तर टायर वाटेतच बसला असता. चाकाचे नटही पाहून घेतले. ते ढिले झाले तरी असाच आवाज येतो, आणि ते खिळ्याहून वाईट. चाकच निखळते.

आता इंजिनाची टिकटिक कशी असते? ती गाडी उभी असतानाही येते, आणि मोजता येत नाही. इंजिन मिनिटाला 800 फेरे फिरले, तर त्यातली प्रत्येक झडप 400 वेळा उघडते. आवाज शिवणयंत्रासारखा येतो. झडपेपाशी मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. प्रत्येक इंजिनाचे माप वेगळे. झिजून ती फट वाढली की ठोका ऐकू येतो. ती मिस्त्रीकडून नीट करून घेता येते, त्यासाठी सारे इंजिन उघडायला नको.

पण आधी ऑइल पाहावे. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. पट्टी पुसून बुडवा आणि वर काढून पाहा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. ऑइलचा लाल दिवा पेटला, तर जागच्या जागी इंजिन बंद करा. ऑइलशिवाय लोखंड लोखंडावर घासते, आणि तेव्हा मात्र हजारो रुपये खरेच लागतात.

मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरतात. आवाज कुठला, ते त्यातून कळते. हे करताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, आणि पंखा व पट्ट्यापासून दूर राहा.

दुसऱ्या दिवशी म्हातारबा गाडीत बसले, तेव्हा टिकटिक नव्हती. मागचे दार तेवढे खडखडत होते. ते पहिल्यापासूनच खडखडते.