मीना, मिठू आणि राम मोहन

मुलांसाठी काढलेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेत दिग्दर्शक नेमके काय करतो, हा प्रश्न सर्वसाधारण प्रेक्षकाला सहसा पडत नाही. तेथे भूमिका समजावून सांगावी असा नट नसतो, ऊन उतरण्याची वाट पाहावी असे चित्रीकरणही नसते, आणि पात्रांची नावे मुलांच्या तोंडपाठ असली तरी श्रेयनामावली वाचून होण्याआधीच पुढचा कार्यक्रम सुरू झालेला असतो. वस्तुतः अशा मालिकेत पडद्यावरची प्रत्येक रेघ कोणीतरी ठरवून काढलेली असते. नटाला ऐनवेळी सुचलेला हावभाव किंवा वाऱ्याने हललेला पडदा यांना तेथे थाराच नसतो, आणि म्हणून दिग्दर्शकाच्या निर्णयांना येथे नेहमीच्या चित्रपटापेक्षाही अधिक वजन येते. या निर्णयांपैकी सर्वांत महत्त्वाचा निर्णय दिसायला साधा असतो, तो म्हणजे गोष्ट किती उंचीवरून पाहायची.

या दृष्टीने १९९०च्या सुमारास जगाच्या दोन टोकांना आकाराला आलेल्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. त्यांपैकी पहिली अमेरिकेतील ‘रगरॅट्स’ होय. अर्लीन क्लास्की, गाबोर चुपो आणि पॉल जर्मेन यांनी निर्माण केलेली ही मालिका ११ ऑगस्ट १९९१ रोजी निकलोडियन वाहिनीवर सुरू झाली आणि २००४पर्यंत चालली. तिचा नायक टॉमी अवघा एक वर्षाचा आहे. लंगोटात स्क्रूड्रायव्हर खोचून तो पाळण्याचे कठडे उघडतो आणि भित्रा चकी, फिल व लिल ही जुळी भावंडे यांना घेऊन घरभर मोहिमा काढतो. बाळे आपसांत अस्खलित बोलतात, मोठ्यांना मात्र त्यातले अक्षरही कळत नाही. तीन वर्षांची अँजेलिका तेवढी दोन्ही बाजूंशी बोलू शकते आणि या सोयीचा भरपूर गैरफायदा घेते.

मालिकेआधी १९९०मध्ये जो नमुनाभाग काढण्यात आला, त्याचे दिग्दर्शन पीटर चुंग यांनी केले होते. त्या भागात टॉमीला ज्या अद्भुत पांढऱ्या वस्तूचे कुतूहल लागते, ती वस्तू म्हणजे घरातले शौचालयाचे भांडे. प्रौढाच्या दृष्टीने येथे काहीच घडत नाही, परंतु दृष्टी जमिनीपासून हातभर उंचीवर आणली की टेबलाचे पाय खांब होतात, मोठी माणसे गुडघ्यांपुरतीच दिसतात आणि न्हाणीघर दुर्गम प्रदेश ठरते. पुढे नॉर्टन व्हर्जिन यांच्यासह अनेक दिग्दर्शकांनी या मालिकेचे भाग हाताळले, आणि व्हर्जिन यांनी मॉस्कोहून अमेरिकेत आलेल्या इगोर कोवाल्योव यांच्यासह १९९८चा ‘रगरॅट्स’ चित्रपटही दिग्दर्शित केला. भाग कोणाचाही असो, बाळांचा गैरसमज हीच खरी घटना मानण्याची शिस्त या मालिकेने पाळली. टॉमीच्या पहिल्या वाढदिवसाच्या भागात मोठी माणसे समारंभात गुंतलेली असताना बाळांना एकच ध्यास लागलेला असतो, तो म्हणजे कुत्र्याचे खाणे खाऊन स्वतः कुत्रा होण्याचा.

असा एक भाग तयार कसा होतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. कथा लिहून झाली की बहुधा आधी संवाद ध्वनिमुद्रित होतात. त्यानंतर स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक दृश्याच्या छोट्या चित्रचौकटींची ओळीने मांडलेली मालिका, तयार होतो आणि गोष्ट कोठून पाहायची, कोणत्या क्षणी जवळ जायचे, कोठे थांबायचे हे तेथेच पक्के होते. मग एक्स्पोजर शीट नावाच्या तक्त्यावर कोणते चित्र किती काळ पडद्यावर राहील हे चौकटीगणिक नोंदले जाते. मुख्य चित्रकार हालचालीतील महत्त्वाच्या अवस्था काढतात, त्यांना की-ड्रॉइंग म्हणतात, आणि त्यांच्यामधल्या अवस्था भरून काढणारी चित्रे म्हणजे इन-बिटवीन. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि एक चित्र दोन चौकटी टिकवण्याची रीत धरली, तरी अकरा मिनिटांच्या भागात सतत हालणाऱ्या एका पात्राची चित्रे आठ हजारांच्या जवळ जातात. एवढे हात एका ठिकाणी परवडत नसल्याने प्रत्यक्ष चित्रांचे काम पुष्कळदा दुसऱ्या देशात होते. ‘रगरॅट्स’ची बरीच चित्रे दक्षिण कोरियात काढली गेली. दिग्दर्शक आणि चित्रकार यांची गाठही पडत नाही अशा या व्यवस्थेत दिग्दर्शकाचे म्हणणे पोहोचवायला हे कागदच काय ते उरतात.

भारतात ही कला नवी नव्हती आणि महाराष्ट्रात तर नव्हतीच. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या चौकटीगणिक सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, आणि कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या ‘प्रभात’ने १९३४मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. ‘प्रभात’चा तो परिसर, जेथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, पुण्यातल्याच कर्वेनगर या उपनगरापासून फार दूर नाही. तथापि हे प्रयोग सुटे राहिले. सलग परंपरा सुरू झाली ती मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, १९५०च्या दशकात डिस्ने स्टुडिओतील अनुभवी चित्रकार क्लेअर वीक्स यांनी तेथील कार्टून विभागाला प्रशिक्षण दिले तेव्हा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत मद्रास विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेले राम मोहन होते. जातककथेवर आधारित ‘द बनियन डीअर’ (१९५७) या चित्रपटापासून त्यांचे नाव या क्षेत्राशी जोडले गेले. १९७२मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची संस्था काढली, सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील अ‍ॅनिमेशनचा भाग केला आणि युगो साको यांच्याबरोबर रामायणावरील जपानी-भारतीय चित्रपटाच्या दिग्दर्शनात सहभाग घेतला.

मात्र सामान्य घरांपर्यंत त्यांचे काम पोहोचवले ते ‘मीना’ने, म्हणजे आपल्या दोन मालिकांपैकी दुसरीने. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक बालिकांसाठी जाहीर केले होते, आणि युनिसेफच्या बांगलादेशातील कार्यालयात या निमित्ताने दक्षिण आशियातील कोणत्याही मुलीला आपली वाटेल अशा नायिकेची कल्पना निघाली. काम अवघड होते, कारण साडी, सलवार, घागरा, कुंकू, पदर यांतला एकही तपशील निरुपद्रवी नसतो. तो दिसताच पात्र एका देशाचे किंवा एका धर्माचे होऊन बसते. म्हणून बांगलादेश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान येथील गावांत चित्रे दाखवून, लोकांशी बोलून मीनाचे रूप, पोशाख आणि घर ठरवण्यात आले, आणि दोन्ही मोठ्या धर्मांत चालणारे नाव निवडले गेले. तिचा भाऊ राजू आणि पोपट मिठू हे तिचे सोबती. सुरुवातीच्या भागांचे दिग्दर्शन राम मोहन यांचे होते, आणि चित्रांच्या कामात फिलिपिन्समधील हॅना-बार्बेरा स्टुडिओचाही वाटा होता.

मीना तान्ही नाही. ती नऊ वर्षांची आहे आणि तिच्या मोहिमा घरकामातून वेळ काढून चालतात. कोंबड्यांच्या मोजणीचा भाग या मालिकेतला उत्कृष्ट भाग मानावा लागेल. राजू शाळेत जातो, मीनाला जाता येत नाही, म्हणून ती मिठूला शाळेकडे पिटाळते. पोपट वर्गातला धडा ऐकून येतो आणि तिला म्हणून दाखवतो. एकेक आकडा शिकलेली मीना पुढे अंगणातल्या कोंबड्या मोजते, एक कमी भरते, आणि चोरी उघडकीला येते. येथे कोणी भाषण करत नाही. मुलीला शिकवले तर घराचा लाभ होतो हा सिद्धान्त एका कोंबडीच्या हिशेबात बसवला आहे, आणि तो हिशेब पाहणारे मूलही मीनाबरोबर करत जाते. आंब्याच्या वाटणीच्या भागात तर युक्ती आणखी साधी आहे: राजूला मोठा वाटा का, या वादातून भाऊ-बहीण एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि संध्याकाळपर्यंत राजूची पाठ वाकते.

कर्वेनगरच्या वाचकाला यातला विषय परका वाटणार नाही. हे उपनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. १८९६मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम धोंडो केशव कर्वे यांनी १९००मध्ये येथील एका झोपडीत आणला, १९०७मध्ये महिला विद्यालय सुरू केले आणि १९१६मध्ये महिला विद्यापीठाचा पाया घातला. आज त्याच परिसरात मुली अभियांत्रिकी आणि वास्तुकला शिकतात. परंतु कर्वे यांना पालकांच्या दारात जाऊन जे पटवावे लागले, तेच नव्वद वर्षांनंतर दक्षिण आशियातील पालकांना पटवण्यासाठी पोपटाची मदत घ्यावी लागली, ही गोष्ट या मालिकेच्या कौतुकाइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

‘मीना’च्या सगळ्या भागांबद्दल असे गुणगान करता येत नाही. हुंडा, बालविवाह, स्वच्छता, अतिसार असे विषय हाती येत गेले, तसतसा काही भागांत संदेश पुढे आणि मुलगी मागे पडली. मीनाच्या तोंडी आरोग्यसेविकेची वाक्ये येऊ लागली की उंची बदलते, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी चाललेली गोष्ट प्रौढांच्या बैठकीत जाऊन बसते. ‘रगरॅट्स’ला हा धोका नव्हता, कारण त्या बाळांनी जग सुधारावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. दुसरीकडे, टॉमीचे काही चुकले तर त्याला उचलून घेणारे हात शेजारच्या खोलीत असतात. मीनाचे पाऊल चुकले तर तिची शाळा सुटते. प्रचारपट आणि बालपट यांची सांगड घालताना राम मोहन यांनी निदान चांगल्या भागांत तरी मुलीचा खट्याळपणा मरू दिला नाही, हे त्यांचे श्रेय मोठे आहे, आणि आज वाहिन्यांवर चालणाऱ्या आदळआपटीच्या मालिका पाहिल्या की ते अधिकच जाणवते.

राम मोहन यांना २०१४मध्ये पद्मश्री मिळाली आणि ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरवर्षी २४ सप्टेंबर हा ‘मीना दिवस’ म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या शाळांत या पात्रांच्या नावाने मुलामुलींचे मंच चालतात, आणि येथे त्यांच्या नावात भावालाही जागा मिळाली आहे: त्यांना ‘मीना-राजू मंच’ म्हणतात.