कंदांना घाम फुटला तेव्हा...

‘‘काय करून राहिली वो बाई तू त्या खोलीत? दार लावून बसते, अंधारात बसते, विचारलं तर सांगत नाही!’’

सासूबाईंचा हा प्रश्न आमच्या घरी २०२३ च्या ऑगस्टपासून रोज एकदा तरी उठायचाच. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. घरातली उत्तरेकडची दहा बाय दहाची खोली, जिथे आजवर गाद्या, जुनी शिलाई मशीन आणि उन्हाळ्यानंतर धूळ खात पडलेला कूलर असायचा, ती मी रिकामी केली. भिंतींना आतून थर्मोकोल लावलं, एसी बसवला, लाकडी ट्रे मांडले आणि त्यात पाच किलो कंद ठेवले. लसणाच्या गड्ड्यासारखे दिसणारे, तपकिरी सालीचे. केशराचे!

मैत्रिणींनो, हसू नका. पंचेचाळीस डिग्रीच्या नागपुरात केशर? मलाही सुरुवातीला थट्टाच वाटली होती. पण पुण्यात एकाने जहाजाच्या कंटेनरमध्ये आणि आपल्या नागपुरातही एका दांपत्याने बंद खोलीत केशर फुलवल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. म्हटलं, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही! बचत गटातून तीस हजारांचं कर्ज उचललं, थोडी स्वतःची पुंजी घातली. गटातल्या बायकांनी विश्वासानं दिलेले पैसे होते ते. पुढचं सगळं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

केशराची एक गंमत आहे. फुलायला या कंदाला मातीही लागत नाही आणि मुळाशी पाणीही नाही. लागणारा सगळा शिधा तो पोटात घेऊनच आलेला असतो. आपला कांदा टोपलीत ठेवल्या ठेवल्या कोंब काढतो ना, तसंच. उन्हाळ्यापासून तेवीस ते सत्तावीस डिग्रीत तो पडून राहिला की आतल्या आत कळी धरते. मग तापमान सतराच्या आसपास उतरवलं की कळी वर येते. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर हे काम निसर्ग करतो, तिथे ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर फुलं येतात. आपल्याकडे ते एसीला करावं लागतं. आणि पाणी घालायचं नसल्यामुळे सगळा भार येतो हवेतल्या ओलाव्यावर. ओलावा कमी पडला तर कोंब वाळतो, जास्त झाला तर बुरशी. मी ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के धरायचं ठरवलं होतं. ठरवणं सोपं असतं!

आता हे टक्के म्हणजे काय, ते मला नीट कळायला एक हंगाम आणि अर्धे कंद खर्ची पडले. आपल्या भाषेत सांगते. हवा म्हणजे एक पिशवी समजा. गरम हवेची पिशवी मोठी, थंड हवेची लहान. माझ्या खोलीतली सगळी हवा पंचवीस डिग्रीला तुडुंब भरली, तरी तिच्यात पाणी मावतं साधारण साडेसहाशे ग्रॅम. अठरा डिग्रीला तीच हवा धरते जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम. अख्ख्या खोलीत एवढंच, अर्ध्या लिटरहूनही कमी! टक्केवारी म्हणजे ही पिशवी किती भरली आहे, एवढंच. म्हणून पंचवीस डिग्रीला ऐंशी टक्के असलेली हवा नुसती अठरावर आणली, एक थेंबही न वाढवता, तरी पिशवी फुटते. जास्तीचं पाणी मग कुठेतरी थेंब होऊन बसणारच. बरेचसं एसीच्या नळीतून बाहेर जातं, म्हणून तर एसीखाली बादली ठेवावी लागते. पण सगळं जात नाही.

आपण विदर्भातल्या बायका हे न शिकताच जाणतो खरं तर. मे महिन्यात कूलर कसा गारेगार करतो, कारण हवा कोरडी ठक्क असते, पिशवी रिकामी. आणि जुलैत तोच कूलर लावला की अंगाला नुसती चिपचिप. पिशवी आधीच भरलेली असते. हे सगळं माहीत असूनही खोलीत शिरल्यावर मी ते विसरले.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर ढगफुटीसारखा पाऊस आला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. काहींचे जीव गेले, कितीतरी संसार चिखलात गेले. आमचं घर उंचावर, आमच्याकडे फक्त वीज गेली. त्या रात्रीच्या गोष्टीत कंदांचं रडगाणं सांगायला संकोच वाटतो. पण चुकीचं कारण तिथंच आहे.

खोलीत त्या वेळी अठरा डिग्री होती. मी जरा घाईच केली होती, आठवड्याभरात तापमान उतरवून टाकलं होतं. एसी बंद, पंखा बंद, अंधार. मला वाटलं, आत कंद गुदमरतील. म्हणून दार उघडलं, समोरची खिडकीही उघडली. पावसाची गार झुळूक आत आली तेव्हा किती बरं वाटलं सांगू!

सकाळी टॉर्च मारून पाहिलं तर प्रत्येक कंदावर पाणी. कोणी शिंपडल्यासारखं. मी पुसत बसले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, एक कंद हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘‘काहून उघडलं वो दार? फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की घामेजते, तसं झालं हे.’’

अगदी तसंच झालं होतं. बाहेरची ती गार वाटणारी झुळूक माझ्या कंदांपेक्षा गरम होती आणि पाण्यानं तुडुंब भरलेली होती. थंड कंदावर टेकली आणि तिची पिशवी तिथेच फुटली. दार बंद ठेवलं असतं तर थर्मोकोलच्या खोलीनं दीड-दोन तास तरी गारवा धरला असता, काही बिघडलं नसतं.

चौथ्या दिवशी बुरशी दिसली. निळसर हिरवी, संत्र्याच्या पेटीत एखादं फळ दबलं की त्यावर चढते तशी. तिच्याच गोतावळ्यातली. सुरुवात खालच्या ट्रेमध्ये, जिथे मी जागा वाचवायला कंद एकमेकांना खेटून लावले होते. निवडत गेले, फेकत गेले. पाचशेच्या आसपास कंद होते, दिवाळीपर्यंत निम्म्याहून कमी उरले आणि त्यातून फुलं आली एकतीस. केशर? वजनकाट्यानं आकडाच दाखवला नाही. ज्यांच्याकडून कंद घेतले त्यांना फोन केला, तर ‘‘मॅडम, ह्युमिडिटी मेंटेन करा’’ एवढंच उत्तर. प्रशिक्षणाचे वेगळे पैसे घेताना मात्र खूप बोलले होते!

त्या हिवाळ्यात मी गटाचे हप्ते ब्लाउज शिवून भरले. यांनी एकदाच विचारलं, ‘‘एसी विकायचा का?’’ मी म्हटलं, ‘‘एक वर्ष थांबा.’’ ते थांबले. त्याबद्दल त्यांचे आभार इथेच मानते, घरी मानले तर चढून बसतील!

दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये, मी आधी मीटर तपासला. बाजारात दोन-चारशे रुपयांना ओलावा दाखवणारे मीटर मिळतात, पण ते खरं बोलतात का? त्याची घरगुती परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मीटर घट्ट बसणाऱ्या डब्यात बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी मीटरनं पंचाहत्तर दाखवायला हवं. ओल्या मिठाच्या वरची हवा घरातल्या तापमानाला पंचाहत्तरावरच स्थिरावते. माझा पहिला मीटर दाखवत होता सहासष्ट! म्हणजे मागच्या वर्षी मी ऐंशी समजून जवळजवळ नव्वदात कंद ठेवले होते. दुर्दैव नव्हे, अडाणीपणा. आता दोन मीटर आहेत, एक वरच्या ट्रेला आणि एक सगळ्यात खालच्या. दोन्हींत पाच-सहा टक्क्यांचा फरक हमखास असतो.

सासूबाईंनी दुसरी गोष्ट शिकवली. त्या माहेरी चाळीत कांदा राखणाऱ्या. म्हणाल्या, ‘‘कांदा पाण्यानं नाही सडत, न हललेल्या हवेनं सडते.’’ कंदाकंदांत बोटभर अंतर सोडलं आणि एक लहान पंखा भिंतीकडे तोंड करून चोवीस तास चालू ठेवला. कंदांवर थेट वारा नाही, पण हवा कुठे तुंबायला नको. इन्व्हर्टरवर फक्त तो पंखा. वीज गेली की दार उघडायचं नाही, हे मी दारावरच लिहून लावलं आहे. तापमान उतरवलं तेही दोन-दोन दिवसांनी एकेक डिग्री.

एवढं करून वाटलं, जिंकलो. तर ऑक्टोबरच्या मध्यात नवीनच खेळ. पाऊस परतला, बाहेरची हवा सुकत चालली, आणि वरून एसी. एसी नुसती थंडी देत नाही, हवा पिळून काढतो. मीटर पन्नासच्या खाली! कोंबांवर पांढरं आवरण असतं, त्याची टोकं कागदासारखी वाळायला लागली. आत कळी अडकून बसते अशानं. धुकं सोडणारं यंत्र आणलं होतं, पण टायमरवर चालवलं की कधी अट्ठावन्न, कधी ब्याण्णव. एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना ओलावा घसरतो आणि थांबला की त्याच्या आतल्या ओल्या जाळीवरून वारा फिरून पुन्हा चढतो. घड्याळाला यातलं काय कळणार? शेवटी ओलावा मोजून यंत्र चालू-बंद करणारा कंट्रोलर घेतला, अठ्ठ्याहत्तरला चालू, त्र्याऐंशीला बंद. सगळ्या खर्चात हाच खर्च शहाणपणाचा. शिवाय एका कोपऱ्यात कूलरची जुनी ताटी ओली करून टांगली, तिचं पाणी हळूहळू उडतं, एकदम उसळी घेत नाही. कंदांवर फवारणी मात्र अजिबात नाही.

आणि हो, धुक्याच्या यंत्रात नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडच्या पाण्यात क्षार इतके, की दोन दिवसांत ट्रेवर पिठासारखी पांढरी धूळ. आरओचं पाणी घालावं आणि टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासावी, नाही तर यंत्र बुरशीच खोलीभर उडवत बसतं.

वसुबारसेच्या सकाळी पहिलं फूल. सहा जांभळ्या पाकळ्या, मध्ये तीन पिवळे पुंकेसर आणि बाहेर लोंबणारे तीन लाल तंतू. ते तीन तंतू म्हणजे केशर, बाकी सगळं फूल वाया. कळ्या वर आल्यावर मी ओलावा पंचाहत्तरावर आणला, कारण दमट हवेत पाकळ्यांवर डाग पडतात. फूल उमललं त्याच सकाळी खुडायचं. दिवाळीचा फराळ एकीकडे आणि मी, सासूबाई, माझी लेक तिघी जणी चिमट्यानं तंतू ओढतोय, असं ते दृश्य! सुकल्यावर तंतूंचं वजन पाचव्या हिश्श्यावर येतं. एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात. आमची आली पाचशे तीस. म्हणजे साडेतीन ग्रॅम.

आता हिशेब, कारण जाहिरातीत तो कोणी सांगत नाही. दोन ग्रॅम विकलं, आठशे रुपये आले. बाकी घरात आणि गटातल्या बायकांना चिमूटचिमूट. त्या दोन महिन्यांचं विजेचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं. मोठ्या प्रमाणावर, बाजार हाताशी असणाऱ्यांचं गणित वेगळं असेल, पण एका खोलीत ‘घरबसल्या लाखो’ म्हणणाऱ्याला आधी त्याचं विजेचं बिल मागा. विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि आपल्या केशराला ‘काश्मिरी’ म्हणता येत नाही बरं का! काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते नाव तिथल्या मातीत पिकलेल्याचंच.

खरी मेख फुलांनंतर आहे. केशराला बी धरत नाही. फुलून गेलेला कंद मातीत लावायचा, तो पानं काढतो आणि पोटी लहान कंद धरतो. मी गच्चीवर भाजीच्या क्रेटमध्ये लावले. डिसेंबर-जानेवारीची थंडी त्यांना मानवली, पण फेब्रुवारी संपता संपता ऊन तापलं आणि पानं पिवळी पडली. पांपोरला तीच पानं एप्रिलच्या पुढेही हिरवी असतात. मार्चमध्ये उकरले तर पिल्लं सुपारीएवढी, काही त्याहून लहान. आठ-दहा ग्रॅमच्या आतला कंद सहसा फुलत नाही. म्हणजे फुलांसाठी पुन्हा मोठे कंद विकत घ्या, नाही तर ही पिल्लं वाढायची वाट पाहा.

मी वाट पाहायचं ठरवलं आहे. गटाचं कर्ज फिटलं, नवं घेतलं नाही. गटातल्या दोघींना ही खोली पाहून केशर करायचं होतं, त्यांना मी बिलं दाखवली. एकीनं तीच थर्मोकोलची कल्पना घेऊन धिंगरी अळिंबी सुरू केली. तिलाही हवा ऐंशी टक्के ओली लागते, पण सतरा डिग्री लागत नाही, आणि माल महिनाभरात निघतो. माझा मिठानं तपासलेला मीटर सध्या तिच्याकडेच आहे.

ट्रेमधली पिल्लं मात्र सासूबाईंच्या ताब्यात गेली आहेत. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या खोलीत जातात, दार पटकन मागे लावून घेतात आणि एकेका ट्रेवर वाकून वास घेतात. परवा आतूनच ओरडल्या, ‘‘अवो, तिसऱ्या ट्रेत एक गेला वाटते! चिमटा आण, आणि दार लाव पहिले!’’