झाड तहानलंय की बुडालंय?



श्रावण-भाद्रपदात आमच्या गटाकडे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, रोज न चुकता पाणी घालते, तरी झाडानं मान टाकलीय. काय करू?" झाड असतं कोरफडीचं, जेडचं, नाहीतर पानफुटीचं. आणि उत्तर बहुतेक वेळा त्या प्रश्नातच असतं: "रोज न चुकता".

आमच्या बचत गटातल्या काही जणी परसात रोपं तयार करतात आणि आठवडी बाजारात विकतात. पन्नास-साठ रुपयांचं रोप हौसेनं नेलेली बाई महिन्या-दोन महिन्यांनी भेटते आणि म्हणते, "मेलं हो ते. माझ्या हाताला गुणच नाही." घरातली माणसंही तिला तेच ऐकवतात. ही समजूत आज आपण काढून टाकूया. हाताला गुण असतो-नसतो असं काही नाही. झाड कोणतं आहे आणि त्याला काय होतंय, एवढं ओळखता आलं की पुष्कळ झाडं वाचतात.

पहिल्यांदा हे समजून घेऊ की ही झाडं इतरांपेक्षा वेगळी का. नर्सरीत यांना सक्युलंट म्हणतात, म्हणजे जाड, गुबगुबीत पानांची किंवा खोडाची झाडं. पाणी ती स्वतःच्या अंगात साठवून ठेवतात. आपल्या तुळशीच्या, जास्वंदीच्या पानांवरची बारीक छिद्रं दिवसा उघडी असतात, त्यातून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. बहुतेक सक्युलंटची छिद्रं मात्र दिवसा मिटलेली असतात, ती रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेली हवा झाड आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. म्हणून पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी तो आंबटपणा जातो. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हे आपल्या भारतातच पाहिलं आणि १८१५ साली ते छापून आलं. तुम्ही मात्र चाखून बघू नका, कारण पुढे सांगतो. मुद्दा एवढाच की जे झाड दिवसभर तोंड मिटून बसतं, त्याचं पाणी फारसं खर्चच होत नाही. त्याला रोज पाणी देणं म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटात वाढत राहणं.

आता ओळख. झाडाचं नाव कळल्याशिवाय उपचार करायचा नाही, आणि औषध म्हणून तर त्याचं पान मुळीच तोडायचं नाही.

कोरफड आपण सगळ्या ओळखतो असं वाटतं. पण घायपातीचं लहान रोप कोरफडीसारखंच दिसतं. कोरफडीचं पान मऊसर असतं, कडेचे काटे फारसे टोचत नाहीत, पान मोडलं की आत काचेसारखा पारदर्शक गर दिसतो. घायपातीचं पान ताठ असतं, टोकाला सुईसारखा काटा असतो आणि पान मोडायला गेलं तर आत वाखाचे धागे लागतात. घायपातीच्या रसानं अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. कोरफड समजून तो चेहऱ्याला लावला तर काय होईल, विचार करा. खऱ्या कोरफडीतही सालीच्या लगत पिवळा, कडू चीक असतो. तो पोटात गेला तर जुलाब होतात. गरोदर बाईनं तो अजिबात घेऊ नये.

जेड म्हणून बाजारात दोन झाडं मिळतात. एकाची पानं मोठी, जाड, बदामासारखी. दुसऱ्याची पानं नखाएवढी, गोल आणि फांद्या लालसर. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची. बारीक पानांचं जेड तिथले हत्ती आवडीनं खातात. काळजी दोघांची सारखीच, फक्त बारीक पानांच्या जेडला ऊन जास्त सोसतं.

पानफुटीच्या पानाच्या कडेला खाचा असतात आणि पान मातीवर पडलं की त्या खाचांतून नवीन रोपं फुटतात. हे झाड शेळी, गाय, वासरू यांच्यासाठी विषारी आहे, हृदयावर परिणाम होतो. म्हणून ते गोठ्याजवळ लावू नका आणि छाटलेली पानं चाऱ्यात टाकू नका.

आणि फांदी मोडल्यावर पांढरं दूध आलं, तर ते कुंपणाच्या शेराच्या जातीतलं झाड समजा. लाल फुलांचं काटेरी युफोर्बिया त्यातलंच. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. छाटताना हातमोजे घाला, लहान मुलांना लांब ठेवा. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवत राहा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

ओळख पटली, आता तपासणी. आम्ही गटात तीन गोष्टी बघायला शिकवतो: पान, माती आणि मूळ.

पान दोन बोटांत हलकं दाबा. पिवळट, पाणी भरल्यासारखं, लिबलिबीत लागलं आणि नुसत्या धक्क्यानं गळलं, तर पाणी जास्त झालंय. पान सुरकुतलेलं, पातळ पण चिवट असेल, तर झाड तहानलेलं असू शकतं. असू शकतं म्हणतो, कारण खरी फसगत इथेच होते.

म्हणून माती बघायची. केरसुणीचा एक हीर कुंडीच्या तळापर्यंत खुपसा आणि बाहेर काढा. हीर कोरडा निघाला आणि पान सुरकुतलेलं असेल, तर पाणी द्या, दोन-चार दिवसांत पान भरून येईल. पण हिराला ओली माती चिकटून आली आणि तरीही पान सुरकुतलेलं असेल, तर मुळं कुजली आहेत. मातीत सतत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात, मग बुरशी लागते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं. आपण वरून सुरकुतलेलं पान बघतो, आपला जीव कळवळतो आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. ही झाडं दुर्लक्षानं जितकी मरतात, त्याहून जास्त मायेनं मरतात.

अशा वेळी झाड कुंडीतून अलगद बाहेर काढा आणि मुळांची माती झटका. निरोगी मूळ फिकट रंगाचं, टणक असतं. कुजलेलं काळपट, मऊ असतं आणि त्याला वास येतो. कुजलेली मुळं स्वच्छ धारदार सुरीनं कापा. कूज खोडापर्यंत चढली असेल, तर आतला काप पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत वर वर कापत जा, डाग राहिला तर कूज पुन्हा पसरते. मग झाड किंवा फांदी सावलीत, हवेशीर जागी तीन-चार दिवस नुसती ठेवून द्या. जखमेवर खपली धरली पाहिजे. ओली जखम मातीत गेली तर सगळी मेहनत फुकट.

तोवर माती तयार करा. आपली काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. म्हणून एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटेचे बारीक तुकडे घ्या, वर मूठभर कुजलेलं शेणखत. समुद्राची खारी वाळू नको. कुंडी मातीची, बेताची, तळाला भोक असलेली. डब्यात लावणार असाल तर खिळ्यानं भोकं पाडा. झाड कोरड्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. त्यानंतर द्याल तेव्हा भोकातून बाहेर येईल इतकं द्या आणि पुढचं पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच. वार ठरवू नका, हीर काय सांगतो ते ऐका. पावसाळ्यात महिनाभर पाण्याची गरज नाही असंही होतं. कुंडी ओट्यावर, पडवीत ठेवा, पण पागोळ्या पडतात तिथे नको.

आणखी दोन तक्रारी असतात. झाड उंच, फिकट, विरळ पानांचं होत असेल तर त्याला उजेड कमी पडतोय. खिडकीजवळ आणा, पण एकदम भर उन्हात नको, आठवडाभर सकाळचं ऊन देऊन सवय करा. एकदम उन्हात आलेली कोरफड तांबूस पडते, ती मेलेली नसते, थोडी सावली मिळाली की पुन्हा हिरवी होते. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं आणि मुंग्या लागल्या, तर तो पिठ्या ढेकूण. झाड वेगळं ठेवा, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. खालचं एखादं पान वाळून गळणं मात्र नेहमीचंच, त्याची काळजी नको.

कधी झाड खरोखर जात असतं. तेव्हा त्याचा वंश वाचवा. जेडची निरोगी फांदी, पानफुटीचं एक पान, स्नेक प्लांटच्या पानाचा तुकडा, एवढ्यावर नवीन रोप होतं. कोरफडीचं तसं नाही. तिचं पान मातीत खोचलं तर बहुधा कुजतंच. तिच्या बुडाशी आलेलं पिल्लू मुळासकट वेगळं करून लावावं लागतं.

रोपं विकणाऱ्या बहिणींना एक सांगणं. रोपासोबत एक चिठ्ठी द्या. तिच्यावर झाडाचं नाव, "हीर कोरडा निघाल्यावरच पाणी" एवढी ओळ आणि झाड चिकाचं किंवा विषारी असेल तर तसं स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक त्या भरवशावर पुन्हा येतं.

आणि तुम्ही सगळ्यांनी, घरात असं एखादं झाड असेल तर आज तांब्या उचलण्याआधी केरसुणीचा हीर उचला. त्यानं काय सांगितलं ते आम्हाला जरूर कळवा.