वस्तूचे चित्र आणि खोलीतला उजेड



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, ते चित्रकलेच्या तासाला आम्हांपुढे पितळी तांब्या ठेवून म्हणत, "तांब्या काढू नका, त्याच्यावरचा उजेड काढा." आज संगणकावर वस्तुरचना शिकविताना त्या वाक्याचा अर्थ मला नव्याने उमगतो.

विद्यार्थ्याने कल्पिलेली वस्तू घडविण्यापूर्वीच ती खोलीत कशी दिसेल, हे गणिताने दाखविणाऱ्या चित्रास 'रेंडर' म्हणतात. कॅमेरा प्रकाश टिपतो. येथे संगणक प्रकाशाचा प्रवास मोजतो. खिडकीतून आलेला उजेड फरशीवर पडतो, तिचा रंग घेऊन भिंतीवर जातो आणि तेथून वस्तूवर उतरतो. या साऱ्या परावर्तनांचा हिशेब जेम्स काजिया यांनी १९८६ साली एका समीकरणात मांडला. संगणक त्यांतील काही किरणच नमुन्यादाखल निवडतो, म्हणून चित्रावर प्रथम बारीक ठिपके दिसतात. ते निम्मे करावयाचे तर किरण चौपट सोडावे लागतात. ब्लेंडरसारखी प्रणाली २००२ पासून सर्वांना मुक्त आहे. साधनाची उणीव आता फारशी उरलेली नाही. उणीव असते ती निरीक्षणाची.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने हैदराबादच्या दोन खोल्यांच्या घरासाठी भिंतीला लावायचे घडीचे मेज योजले. तिच्या पहिल्या चित्रात संगमरवरी जमीन होती, छतापर्यंत काच होती. सर्वांनी वाहवा केली. मीही केली, आणि ती माझी चूक होती. घरी गेल्यावर मनात आले, हे घर कोणाचे? दुसऱ्या दिवशी मी तिला तिच्याच घराची मापे घेऊन यावयास सांगितले.

दहा बाय बारा फुटांची खोली, शहाबादी फरशी, पश्चिमेला एक खिडकी, समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइट. आम्ही प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये भरले. खरी कड कधीच सुरीसारखी नसते, म्हणून मेजाच्या कडांना एक-दोन मिलिमीटर गोलाई दिली. तेव्हा त्यांवर उजेडाची बारीक रेघ उमटली. फरशीची चमक कमी केली आणि ती सर्वत्र सारखी ठेवली नाही. दिवसाच्या उजेडास ६५०० केल्विन, तर पिवळ्या दिव्यास २७०० केल्विन असा रंग योजला. पाहणाऱ्याचा डोळा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवर आणला. फार रुंद भिंग घेतले की लहान खोली दिवाणखान्यासारखी भासते. तो मोह टाळला.

आपल्या सालारजंग संग्रहालयात बेन्झोनी यांची अवगुंठित रेबेका आहे. पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ साली रोमहून आणली. तेथे वस्त्राचा धागाही नाही, केवळ संगमरवर. तरी डोळ्याला तलम ओढणी दिसते. आकार आणि प्रकाश यांचे सामर्थ्य एवढे मोठे आहे. शिल्पात तो भास हाच आनंद असतो. पण ज्या चित्रावर विसंबून कोणी सुताराला पैसे देणार, तेथे तोच भास फसवणूक ठरू शकतो.

नवे चित्र पहिल्याइतके देखणे नव्हते. परंतु त्यात दोन दोष दिसले. मेज उघडले की कपाटाचे दार अडत होते. आणि रात्री ट्यूबलाइट पाठीशी येत असल्याने लिहिणाऱ्याची सावली वहीवरच पडत होती. तिने मेजाची खोली कमी केली, जागा बदलली आणि उजेड डावीकडून येईल अशी मांडणी केली. तोवर एकही फळी कापली गेली नव्हती. चित्रातील चूक पुसता येते; करवत फिरलेली फळी पुन्हा सांधत नाही.

म्हणून माझे नम्र सांगणे एवढेच की, वास्तव चित्र म्हणजे झगझगीत चित्र नव्हे. जे आपल्या वस्तूचा दोष आपल्यालाच आधी दाखविते, ते वास्तव. गुरुजी तांब्याचा पोचा काढावयास विसरलेल्या मुलाला परत बसवीत, ते याचसाठी असावे. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.