शिडाच्या जुन्या नौकांवरील धातुसामान : ओळख व निगा

दोर अडकविण्याची दोन शिंगांची खुंटी म्हणजे क्लीट, दोराची दिशा वळविणारी कप्पी, दोर ताणणारे विंच इत्यादी वस्तू नौकेच्या डेकवर लहानशा दिसत असल्या, तरी वाऱ्याने फुगलेल्या शिडाचा ताण अखेर त्यांवरच येऊन पडतो. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ब्रिस्टल येथे १८७८ साली स्थापन झालेल्या हेरेशॉफ कारखान्यात अशा वस्तू नौकांबरोबरच घडविल्या जात. हेरेशॉफ पद्धतीची क्लीट तिच्या बुडाशी असलेल्या मोकळ्या जागेवरून चटकन ओळखता येते. मात्र या आकाराच्या नकला आजही विकल्या जातात. शिवाय आकारावरून घडविणारा कळला, तरी धातू कळतोच असे नाही. आणि निगेच्या दृष्टीने खरा प्रश्न धातूचाच आहे.

‘ब्राँझ’ हे नाव या क्षेत्रात फार सैलपणे वापरले गेले आहे. तांबे ८८, कथिल १० व जस्त २ टक्के असा गनमेटल हा खरा ब्राँझ होय. उलट ‘मँगनीज ब्राँझ’ व ‘टोबिन ब्राँझ’ यांत सुमारे ४० टक्के जस्त असते. म्हणजे ही वस्तुतः पितळेच होत. खाऱ्या पाण्यात अशा मिश्रधातूतील जस्त हळूहळू निघून जाते व मागे सच्छिद्र, दुबळे तांबे उरते. वस्तूचा आकार व माप मात्र जसेच्या तसे राहते, आणि धोका आहे तो येथेच. चिंचेच्या कोळात फार वेळ राहिलेल्या पितळी भांड्यावर गुलाबी छटा येते, ती याच जातीच्या क्रियेने. टोबिनमधील अल्पशा कथिलामुळे ही झीज मंदावते. साध्या पितळेला तेवढेही संरक्षण नसते.

परीक्षा सोपी आहे. वस्तूच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूस कानस हलकेच फिरवावी. कीस पिवळा निघाल्यास जस्त अधिक समजावे. तांबूस-तपकिरी निघाल्यास बहुधा ब्राँझ. पिवळ्या धातूच्या स्क्रूचा मोडलेला भाग गुलाबी दिसला, तर शेजारचे सर्वच स्क्रू काढून पाहणे भाग आहे. क्रोमचा मुलामा असलेल्या वस्तूंना ही कसोटी विशेष आवश्यक ठरते.

वस्तू व तिचे बोल्ट एकाच जातीच्या धातूचे असावेत. १८९५ साली अमेरिका चषकाच्या शर्यतीसाठी हेरेशॉफनेच बांधलेल्या ‘डिफेंडर’ नौकेचा खालचा भाग मँगनीज ब्राँझचा, तर वरचा ॲल्युमिनियमचा होता. समुद्राच्या पाण्यात दोन्ही धातूंची विद्युत्‌घटासारखी जोडी जमली, ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले गेले आणि १९०१ मध्ये नौका मोडीत निघाली. ब्राँझची क्लीट लोखंडी बोल्टांनी बसविली, तर बोल्टांची गत याहून निराळी होत नाही.

ब्राँझवर चढणारा हिरवट-तपकिरी थर मूळ धातूचे रक्षण करतो. तो वरचेवर घासून चकाकी आणण्याची हौस महाग पडते. धातू झिजतो आणि घडविणाऱ्याची खूणही पुसली जाते. गोड्या पाण्याने धुणे बहुधा पुरेसे असते. विंचची निगा मात्र निराळी. त्याच्या दात्यांना ग्रीस चालते. पण चक्र उलट फिरू न देणाऱ्या खिट्ट्यांना पातळ तेलच द्यावे. ग्रीसमध्ये खिटी चिकटून बसली, तर ताणलेल्या दोरासह दांडा उलट फिरतो व हात मोडू शकतो.