कॉम्प्युटर तोच, अळी नवी

२०१७च्या हंगामात विदर्भातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली, तेव्हा शेतांत बोंडअळीला रोखणारं बीटी बियाणंच पेरलेलं होतं. बोलगार्ड-२ हे त्यातलं बीटी तंत्रज्ञान भारतात २००६ साली आलं आणि पुढे काही वर्षं त्याने बोंडं राखली. बियाणं बिघडलं नव्हतं. अळी त्याला सरावली होती. घरातल्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी की नाही, हा प्रश्न अमरावती-अकोल्याच्या वाचकाने याच नजरेने पाहावा, असं मला वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. त्यामुळे कोणाचंही मशीन बंद पडलं नाही. हिशेबाचं टॅली उघडत राहिलं, प्रिंट निघत राहिली. म्हणूनच ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा सल्ला पटतो. पण मशीन चालणं वेगळं आणि त्याची राखण होत असणं वेगळं.

या राखणीची किंमत त्याच २०१७ साली जगाला कळली. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मेपासून वॉनाक्राय नावाचा हल्ला पसरला आणि दीडशे देशांतल्या मशीनवरच्या फायली कुलूपबंद झाल्या. त्यांत बहुतेक मशीन विंडोज ७ची होती. दुरुस्ती हाती असूनही ती बसवलेली नव्हती. २७ जूनला त्याच भगदाडाचा फायदा घेणारा नॉटपेट्या हा हल्ला आला, आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं काम खोळंबलं. दुरुस्ती आलेली असताना दोन ते साडेतीन महिन्यांत एवढं घडलं. जिथे दुरुस्ती यायचीच थांबली, तिथे प्रत्येक नवं भगदाड कायमचं उघडं राहतं.

‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे’ हे उत्तर अपुरं आहे. अँटिव्हायरस हा धुऱ्यावरचा राखणदार; पण कुंपणालाच भगदाड असेल, तर ते बुजवणं त्याच्या हातात नाही. ‘आमच्या मशीनमध्ये चोरण्यासारखं काय आहे?’ असंही विचारलं जातं. ज्या घरी त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, आधारची प्रत, सातबारा आणि मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रं ठेवलेली असतात, तिथे चोरण्यासारखं पुष्कळ असतं. शिवाय असे हल्ले माणूस पाहून होत नाहीत. जिथे वाट मोकळी सापडते, तिथे ते शिरतात.

तरीही प्रत्येकाने लगेच विंडोज ११ टाकावं, असं मी म्हणणार नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-किल्ल्या सांभाळणारी सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेली बहुतेक मशीन बाद होतात. मायक्रोसॉफ्टचं मोफत ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की आपलं मशीन या अटींत बसतं की नाही, ते कळतं. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून घेता येतं खरं, पण अशा मशीनला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्यासाठी खटाटोप केला तेच हातचं जातं. डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकुराची मांडणी, करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या डाँगलचा किंवा जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच असेल, तर तो तिथे चालत नाही. ज्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत, ते घाईने बदलणं हेही नुकसानच.

म्हणून कसोटी मशीनच्या वयाची नको, त्याच्या कामाची हवी. जुनी सिस्टीम वापरणं ही चूक नाही. दुरुस्ती थांबलेली सिस्टीम इंटरनेटला जोडून ठेवणं ही चूक आहे. डीटीपीचं जुनं मशीन नेटची केबल काढून, तपासलेल्या पेन ड्राइव्हवरच फायली ने-आण करत आणखी काही वर्षं कामाला येईल. बँकेच्या कामाचं मशीन विंडोज ११ला पात्र असेल, तर ते विंडोज ११वर न्यावंच. पात्र नसेल, तर मायक्रोसॉफ्टची वाढीव दुरुस्ती-योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे, आणि उबुंटू २४.०४सारखं मोफत लिनक्स २०२९पर्यंत राखणीत आहे. लिनक्सवर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आहे, ब्राउझर आहे, लिबरऑफिस आहे. टॅली मात्र थेट चालत नाही. नवं मशीन परवडत नाही म्हणून सुरक्षितता सोडून द्यावी लागते, असं मुळीच नाही.

बदल करायचा ठरला तर आधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. विंडोज १०वरून थेट ११वर गेल्यास साधारण दहा दिवस मागे परतता येतं, पण ती सोय म्हणजे फायलींची प्रत नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. मधेच वीज गेली तर सिस्टीम अर्धवट राहू शकते. तेव्हा यूपीएस जोडून, सकाळच्या गारव्यातच हे काम काढावं. आणि जी सिस्टीम ठेवाल, तिची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते मशीनवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. बियाण्याची पिशवी फोडण्याआधी आपण तिच्यावरची मुदत वाचतो. इथेही तीच सवय उपयोगी पडेल.